हरभऱ्यात घाटेअळीशेजारी पांढरे कोष दिसताहेत, फवारणी थांबवू का?

रब्बीवाला, ता. चोपडा
राम राम मंडळी. दीड एकर बागायती हरभरा, वाण जॅकी. फुलोरा सरत आलाय, घाटे लागताहेत. ओळीच्या मीटरभरात एखादी घाटेअळी सापडते. पण बऱ्याच पानांना तांदळाच्या दाण्याएवढे, मळकट पांढरे, काळसर ठिपक्यांचे कोष चिकटलेत आणि शेजारी अळीचं सुकलेलं कातडं आहे. दुकानदार पायरेथ्रॉइड (रासायनिक कीटकनाशक) मारायला सांगतोय. मारू का? ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डं) लावले तर चालतील?

तापीकाठ
भाऊ, पायरेथ्रॉइड अजिबात नको. ते कोष कॅम्पोलेटिस या बारीक गांधीलमाशीचे आहेत. ती लहान घाटेअळीच्या अंगात एकच अंडं घालते. त्यातून निघालेली माशीची अळी घाटेअळीला आतून पोखरत वाढते, तिचं कातडं फोडून बाहेर येते आणि तिथेच कोष विणते. घाटेअळीचं रक्तही गप्प बसत नाही, त्यातल्या पेशी परक्या अंड्याभोवती जमून त्याला कोंडतात. पण गांधीलमाशी अंड्यासोबत एक विषाणू सोडते आणि तो हा बचाव ढिला पाडतो. घाटेअळी मोठी झाली की मात्र या माशीच्या हातून सुटते, म्हणून माशीचा उपयोग पिकाच्या सुरुवातीच्या थंडीतच जास्त. पायरेथ्रॉइडने आधी मरेल ती हीच, आणि नंतरच्या अळ्यांना मोकळं रान मिळेल.

ट्रायकोकार्डवर पैसे घालवू नका. हरभऱ्याच्या अंगावरची आंब, म्हणजे आंबट द्राव, ट्रायकोग्रामाला सोसत नाही. कपाशीत चालणारा उपाय इथे पडतो तो याच कारणाने.

पीकसंरक्षण
फवारणी कधी करायची याची मर्यादा मीटरभर ओळीला १ ते २ अळ्या, म्हणजे तुम्ही काठावर आहात. दोन ओळींमध्ये गोणपाट अंथरून झाडं हलकेच झटका आणि मगच मोजा. घाटेअळीला धक्का लागला की ती अंग मुडपून खाली पडते आणि ढेकळात दिसेनाशी होते, त्यामुळे नुसतं वरून पाहून आकडा कमी येतो. शेतात निदान १० जागी मोजा.

लहान अळ्या जास्त निघाल्या तर एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावणारा विषाणू) एकरी २०० एल.ई., २०० लिटर पाण्यातून. एक एल.ई. म्हणजे रोगाने मेलेल्या एका पूर्ण वाढलेल्या अळीतून मिळेल तेवढा विषाणू. पंपात थोडा गूळ आणि नीळ टाका. फवारणी संध्याकाळीच करा, उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. बहुतेकांचं इथेच चुकतं. सकाळी १० वाजता मारतात आणि औषध बनावट होतं म्हणतात. अळी लगेच मरत नाही, ४ ते ७ दिवस लागतात. मग ती शेंड्यावर चढून उलटी लटकते आणि बोट लावलं की काळपट पाणी होऊन फुटते.

रब्बीवाला, ता. चोपडा
समजलं. पक्षीथांबे आता लावून उपयोग आहे का?

तापीकाठ
आहे, आजच लावा. एकरी २०, पिकापेक्षा हातभर उंच, इंग्रजी टी आकाराचे. आडवी काडी खडबडीत ठेवा, गुळगुळीत बांबूवर पक्ष्याला नीट बसता येत नाही. कोतवाल, साळुंकी येतील. रंग पिकात मिसळल्यामुळे अळी पानावर चटकन दिसत नाही, पण घाटा खाताना तिचं डोकं आत आणि धड बाहेर असतं. पक्ष्याला नेमकं तेच दिसतं. पुढच्या पेरणीला बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळा, तिची ताटं आपोआप थांब्याचं काम करतात.

पीकसंरक्षण
एक राहिलं. मोठ्या अळ्या जास्त असतील तर विषाणूची वाट पाहू नका, त्या हाताने वेचा. डब्यात खूप वेळ एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून साबणाच्या पाण्यात टाका. कोष असलेलं पान मात्र झाडावरच राहू द्या.