भाऊ बोलत नाहीत, बायका डोंगर चढतात : तुमचे अनुभव लिहा

बडोद्यात आपल्या मराठी घरांत हे मी सारखं बघते, दोन भाऊ एकाच घरात वरखाली राहतात, तोंड बघत नाहीत, आणि त्यांच्या बायका नाहीतर बहिणी मात्र गिरनार, पावागड करून येतात. तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा. गोड शेवट नसला तरी चालेल, नावं नकोत, वर फक्त आपली वस्ती लिहा. सुरुवात मीच करते.

वाडी
आमचे हे आणि धाकटे दीर, भांडण पाण्याच्या मोटरवरून, पण वाढत वाढत आजोबांच्या वाटणीपर्यंत गेलं. जिना एकच, म्हणून खाली चपला वाजल्या की वरचा दारातच थांबतो. सासूबाईंचं गिरनारचं दत्त शिखर राहून गेलेलं, तर मी आणि जाऊ निघालो. २०२० पासून रोपवे आहे, वरच्या अंबाजीच्या देवळापर्यंत नेतो, त्या भरवशावर गेलो आणि तळेटीला कळलं वारा फार आहे, रोपवे बंद. मग काय, काठ्या घेतल्या. पायऱ्या दहा हजारच्या आसपास म्हणतात पण खरा दम गोरखनाथ शिखरानंतर निघतो, कारण कमावलेली उंची उतरून घालवायची आणि समोर दत्ताचा सुळका परत चढायचा. तिथे जावेचा गुडघा धरला. डोली नको म्हणे. पाऊल आडवं टाकून, कठड्याला धरून उतरत होतो, मधेच बसली आणि म्हणाली, "ताई, मोटरचे पैसे आम्ही दिले होते हो, पावती आहे माझ्याकडे." इतकी वर्षं! मग दाखवली का नाहीस, तर "यांनी दाखवू दिली नाही." पादुकांपाशी मी कोणासाठी काय मागितलं ते सांगत नाही. भाऊ अजून बोलत नाहीत, पावती तिच्या कपाटातच आहे.

मांजलपूर
मी दोन भावांमधली बहीण. २००५ पासून वडिलोपार्जित घरात मुलीचाही सारखा हक्क, त्यामुळे माझ्या सहीशिवाय पोळमधल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या घराचं काही हलेना. मोठा म्हणे हक कमीवर, म्हणजे हक्क सोडल्याच्या कागदावर सही कर, धाकटा म्हणे करशील तर राखी बंद. रोज रात्री दोघांचे फोन, एकाचा ठेवला की दुसऱ्याचा, आणि दोघंही "तूच सांग त्याला". त्या वैतागात मी बायकांच्या ग्रुपबरोबर हिमाचलमध्ये स्पितीला गेले. शिमला-किन्नौरकडून गेलो, हळूहळू उंची वाढते म्हणून अंगाला झेपतं, मनालीकडून एकदम वर गेलं की त्रास होतो. तरी कुंझुम खिंडीत (४५५१ मीटर) डोकं ठणकत होतं, दोन पावलं टाकली की धाप, आणि नेटवर्क नाही. काय सुख! मनालीत उतरले तर दोघांचे मिस्डकॉल. दोघांना एकच मेसेज टाकला, माझा वकील मी बघते. दोघंही भडकले, निदान एका गोष्टीवर तरी एकमत झालं.

रावपुरा
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? वरचं वाचून छान वाटतं पण आमच्याकडे उलटं झालं. आई काकूबरोबर पावागडला गेली, माचीपासून पायऱ्यांनी, रोपवे न घेता. फोटोत दोघी हसतायत. तो फोटो बाबांनी बघितला आणि "त्या घरच्या बाईबरोबर फिरतेस" म्हणून जे सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही. काकांनीही तिकडे तेच केलं असं नंतर कळलं, म्हणजे भाऊ शोभतात एकमेकांचे. आई त्यानंतर बरेच महिने कुठेच गेली नाही.

यंदा कार्तिकी एकादशीला लीली परिक्रमेला जायचं म्हणते. गिरनारभोवती ३६ किलोमीटर, जंगलातून, नळपाणीची घोडी म्हणजे सगळ्यात खडी चढण. काकू पण येतेय. बाबांना मी सांगणार आहे, आधीच, तोंडावर. कोणी गेलं असेल तर बूट घ्यावेत की सॅन्डल तेवढं सांगा, आईचा पाय रुंद आहे.