छपराचं पाणी बोअरमध्ये सोडा म्हणे! (गोवा)

चिरेबंदी : काल इथे एकाने सल्ला दिला : "गोव्यात 3000 मिमी पाऊस पडतो. प्रत्येकाने छपराचा पाइप बोअरवेलात सोडला तर टँकर बंद होतील." खाली टाळ्याच टाळ्या. राहवलं नाही म्हणून लिहितो.

हे मराठवाड्याचं औषध आहे. आमच्या परसातल्या बांयचं, म्हणजे विहिरीचं, पाणी आषाढात वाकून तांब्याने घेता येतं. तिच्यात आणखी काय ओतणार? आपलं दुखणं मुरण्याचं नाही, टिकण्याचं. जांभा दगड म्हणजे चाळण. पाणी त्यातून उतरतं, खालच्या शेडीवर, म्हणजे चिकण मातीच्या थरावर, अडतं आणि आडवं सरकत पायथ्याशी झर होऊन बाहेर पडतं. सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, माती-झाडोरा शाबूत असला तर ते सावकाश सरकतं, पायथ्याच्या कुळागराला (पोफळीच्या बागेला) एप्रिलपर्यंत पाट पुरतो. सडा कापून वर फरशी घातली की तेच पाणी तासाभरात वहाळात. पर्वरीला जाऊन बघा, मोपाच्या विमानतळावर जाऊन बघा.

शिवाय छपरावरची कावळ्यांची घाण मातीतून न गाळता थेट खोल भेगांत? धन्य!

पाटावरचा मामा : त्या टाळ्यांत माझीही एक होती. आमच्या बोअरचं पाणी मे महिन्यात मचूळ यायचं. छपराचं पाणी जिरवायला खड्डा करून तीन पावसाळे झाले, आता चहा फाटत नाही. मी खोटं बोलतो का?

चिरेबंदी : घर कुठे तुमचं?

पाटावरचा मामा : कांदोळीला.

चिरेबंदी : मग किनाऱ्याची रेती आहे ती. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, उपसा वाढला की खारं वर येतं. तिथे जिरवण्याचा उपयोग होत असेल. मी सड्याबद्दल बोलतोय.

पाटावरचा मामा : "होत असेल"! उपकार झाले.

शेजारीण : खारं परवडलं हो. आमच्या बाजूला हॉटेल आलं आणि बांयला सेप्टिक टँकचा वास यायला लागला. ते लोक आपलं पाणी टँकरने आणतात, आम्ही कुठून आणायचं? विहिरींची नोंदणी, टँकरला परवाना, सगळं गोव्याच्या 2002 च्या भूजल कायद्यात आहे. टँकर मात्र पहाटे चारला दिवे मालवून येतो.

डिचोलीचो झिलगो : हॉटेलं दिसतात, खाणी नाही दिसत कुणाला. पाण्याच्या पातळीखाली खणून रात्रंदिवस पंप लावले तेव्हा कुठे होते हे सल्लागार?

टिप्परवाला : आलात मुद्द्यावर! त्याच खंदकांत आज तळी साठलीत. तुमच्या भाषेत गोव्यातले सगळ्यात मोठे रिचार्ज खड्डे. उन्हाळ्यात तेच पाणी उपसून नळाला देतात, ते गोड लागतं ना?

डिचोलीचो झिलगो : खंदक म्हणजे उपकार? ऐक. आमची बांय आजोबांनी चिऱ्यांनी बांधलेली, कधी आटलेली नाही. खाण खाली गेली तसा मार्चमध्ये तळाचा खडक दिसायला लागला. मग कंपनीचा टँकर. त्याची वेळ धड नाही. हॉर्न वाजला की आई देवासमोरची समई तशीच टाकून कळशा घेऊन धावायची. एकदा पायरीवर पडली, मनगट मोडलं. टँकर थांबला नाही. हे पाणी मला गोड लागत नाही रे.

टिप्परवाला : आईचं वाईट वाटलं, खरंच. पण 2012 ला खाण बंद, सुरू होते न होते तोच 2018 ला परत बंद. माझे खनिज वाहायचे दोन टिप्पर ट्रक अंगणात गंजले, बँकेचा हप्ता काही गंजला नाही. तुझ्या बांयत पाणी आलं, माझ्या ताटात काय आलं?

डिचोलीचो झिलगो : ते मला विचारू नकोस. पंप लावणाऱ्याला विचार.

शेजारीण : पण खाण थांबल्यावर बांयला पाणी आलं का, ते तरी सांग.

डिचोलीचो झिलगो : आलं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मे महिन्यात पुरुषभर होतं.

चिरेबंदी : आणि खड्डा कुणी खणला होता? कुणी नाही. उपसा थांबला, बांय भरली. मी सकाळपासून आणखी काय सांगतोय?

पाटावरचा मामा : सकाळपासून तुम्ही आम्हाला अडाणी म्हणताय. कावळ्यांचं मात्र पटलं. यंदा पहिले चार पाऊस पाइप बाहेर सोडीन आणि मध्ये रेती-कोळशाची गाळणी घालीन. खूश?

चिरेबंदी : बोअर सोडून उथळ बांयकडे वळवा, मग खूश.

पाटावरचा मामा : बांय बुजवून तर गाडीची शेड केली हो.

चिरेबंदी : …

शेजारीण : ते असू दे. आमच्या वाड्यावरच्या बंधाऱ्याला गेल्या वर्षी डिसेंबर उलटला तरी पाणी अडवायच्या फळ्या घातल्या नव्हत्या. पाणी गेलं सगळं खाडीत. फळ्या पंचायतीच्या शेडमध्ये, चावी कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. यंदा तरी कोण येतंय का माझ्याबरोबर?

टिप्परवाला : फळ्या वाहायला टिप्पर लागेल ना? डिझेल तुमचं.