बाबांचा इंदिरानगरचा फ्लॅट: बक्षीसपत्र करावं की मृत्युपत्र?

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. बाबा ७८ वर्षांचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. इंदिरानगरचा फ्लॅट त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलाय, एकट्याच्या नावावर. तो त्यांना मला द्यायचाय. दादा पुण्यात असतो, म्हणतो माझी हरकत नाही. वहिनीचं माहीत नाही.

मुंबईच्या मामांनी सांगितलं, मृत्युपत्र केलंत तर प्रोबेटसाठी (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) कोर्टात खेपा घालत बसाल. तेव्हापासून बाबांनी धोशा लावलाय, आत्ताच बक्षीसपत्र करून टाकू. आईचा विरोध: "उद्या जावयाचं डोकं फिरलं तर आम्ही कुठे जायचं?" हे ती जावयासमोरच बोलली, त्यामुळे घरात सध्या सगळे जपून बोलतायत.

निफाडला आजोबांकडून आलेली द्राक्षबागही आहे, सातबाऱ्यावर बाबा आणि काका. तिचंही याच दस्तात उरकेल का?

प्रतिसाद:
ताई, मामा मुंबईच्या हिशोबाने बोलले. हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती होती ती मुंबई, कोलकाता, चेन्नईपुरती. नाशिकच्या फ्लॅटला ती कधीच नव्हती. पण मृत्युपत्रावरून वाद झाला तर तो बाबांच्या माघारी होणार. तुमचं वहिनींबद्दलचं वाक्य वाचून मी तरी बक्षीसपत्रच म्हणेन. राहतं घर मुलीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, मनपा हद्दीतला अधिभार वेगळा, तो आधी विचारून घ्या. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची. दादाची संमती कायद्याने लागत नाही, तरी एक साक्षीदार म्हणून त्यालाच उभं करा.

आईंचं मात्र बरोबर आहे. बक्षीसपत्र मनात आलं म्हणून फिरवता येत नाही. दोघांचा हयातभर राहण्याचा हक्क दस्तातच लिहून घ्या आणि सांभाळ करण्याची अटही घाला. ती मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली दस्त रद्द करून मागता येतो. अट लिहिलेली नसली की तेच प्रकरण फार जड जातं. जावईबापूंनाही मसुदा वाचायला द्या, आईंना बरं वाटेल.

बागेला आत्ता हात लावू नका. वडिलोपार्जित असेल तर अविभक्त हिस्सा बक्षीस देता येत नाही. आधी काकांशी वाटणी.

धागाकर्ती:
खूप आभार! बाबांना जिना उतरवत नाही आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. नोंदणी घरी होते का?

प्रतिसाद:
होते. नोंदणी कायद्याच्या कलम ३१ खाली दुय्यम निबंधकांकडे अर्ज करा, डॉक्टरांचा दाखला जोडा. आणि दस्त झाल्यावर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट नावावर करून घ्या, लोक नेमकं तेच राहू देतात.