‘२ एचपी, २५ लिटर घ्या, सगळं चालतं’ असं सांगणं बंद करा

रंधा_पटाशी:
घरच्या वर्कशॉपसाठी कॉम्प्रेसर कोणता घ्यावा, असं एकाने विचारलं आणि खाली एका ओळीत उत्तर आलं: ‘२ एचपी, २५ लिटर, डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय, थेट मोटरवर चालणारा) घ्या. नेलगन, रंग, सँडर, सगळं चालतं.’ असल्या सल्ल्यावर माणूस पैसे घालतो आणि पहिल्याच कपाटाला कपाळावर हात मारून घेतो.

साधा हिशोब करा. पंप ८ बारला बंद होतो, ६ बारला चालू. मधल्या २ बारात २५ लिटरच्या टाकीतून मोकळी (बाहेरच्या दाबाला मोजलेली) हवा मिळते ५० लिटर. एचव्हीएलपी गन (जास्त हवा, कमी दाबाने रंग फवारणारी) १० सीएफएम (मिनिटाला घनफूट) खाते, म्हणजे मिनिटाला २८३ लिटर. ट्रिगर दाबल्यावर ११ सेकंदांत पंप चालू होतो आणि मग बंद व्हायचं नाव घेत नाही. डब्यावर ८ सीएफएम छापलेलं असतं ते पिस्टनच्या फेऱ्यांचं गणित. ६ बारला हातात पडणारी हवा, म्हणजे एफएडी, सिंगल स्टेज (हवा एकाच टप्प्यात दाबणाऱ्या) पंपात त्याच्या साठ-पासष्ट टक्के. मिळाली पाच सीएफएम, हवी दहा. दाब उतरत जातो, फवारा जाड होतो, दारावर ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) उठते.

डीए सँडर (गोल फिरत डुलणारं घासयंत्र) तर १०-१२ सीएफएम सतत मागतो, तो विजेवरचाच घ्या. नुसता ब्रॅड नेलर (बारीक खिळ्यांची गन), टायर आणि धूळ उडवणं असेल तर एक एचपीचा कमी आवाजाचा ऑइल-फ्री भरपूर झाला. आधी अवजार ठरवा, मग एफएडी बघा. एचपी सगळ्यात शेवटी.

तेरा_चौदाचा_पाना:
ते उत्तर माझं आहे आणि मी ते मागे घेणार नाही. घरी एचव्हीएलपी वापरायला सांगतंय कोण? १.३ मिमी नोझलची एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाबाची) गन चारेक सीएफएमवर चालते. तुमच्या हिशोबाने बेल्टवाला ३ एचपी घ्यायचा, तर तो तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण? सिंगल फेजवर उठणार कसा? २ एचपीचीच मोटर चालताना ८-९ अँपिअर घेते आणि उठताना सहा-सातपट. बी कर्व्हची (लवकर पडणारी) १६ अँपिअरची एमसीबी तिथे पडू शकते, मग सी कर्व्ह (सुरुवातीचा झटका सोसणारी) लावावी लागते.

ऑइल-फ्रीचं कौतुकही जरा आवरा. पिस्टनवरची टेफ्लॉनची रिंग झिजली की दाब चढत नाही, आणि ती रिंग तालुक्याच्या गावात मिळत नाही. तेलवाल्याची वॉल्व्ह प्लेट, गॅस्केट कुठेही मिळते.

रंधा_पटाशी:
एलव्हीएलपीचं मान्य. पण तुम्ही ते लिहिलं नव्हतं, ‘सगळं चालतं’ लिहिलं होतं. नवीन माणूस तेवढंच वाचतो. आणि तेलवाल्याच्या हवेतून तेलाचा अंश येतो, त्याने पीयू (पॉलीयुरेथेन) कोटिंगवर फिश आय (छोटे गोल खड्डे) पडतात, हेही सांगायला हवं होतं.

सागवान_रत्नागिरी:
तेलाचं काय घेऊन बसलात, पाण्याचं बोला. जुलैत आमच्याकडे ३० अंश आणि ९० टक्के दमटपणा धरा. घनमीटरभर हवेत २७ ग्रॅम पाणी. मिनिटाला १०० लिटर ओढणारा पंप तासभर सलग चालला की १६० ग्रॅम पाणी आत गेलं. दाबलेली हवा गार झाली की त्यातलं जेमतेम २० ग्रॅम वाफ म्हणून टिकतं. उरलेलं १४० मिली टाकीत आणि नळीत.

दुकानदार फिल्टर-रेग्युलेटर सरळ टाकीच्या तोंडाशी बसवून देतात, याचा मला मनस्वी संताप येतो. काम जोरात चालू असताना तिथे हवा गरम असते, पाणी वाफेतच असतं. फिल्टरची वाटी कोरडी दिसते, पुढे नळीत हवा गार होते आणि थेंब गनमधून थेट पॉलिशवर. फिल्टर ८-१० मीटर पाइपानंतर, गनच्या बाजूला लावा. टाकीखालचा कॉक रोज उघडा, तोही थोडा दाब असताना, म्हणजे गंजाचा गाळ बाहेर पडतो.

तेरा_चौदाचा_पाना:
मग भिंतीवरून अर्धा इंची पीव्हीसी फिरवा. नळकामाचा पाइप १० किलो दाब सहज सोसतो.

सागवान_रत्नागिरी:
ही ओळ आत्ताच्या आत्ता काढा! तो आकडा पाण्याचा आहे. पाणी दाबलं जात नाही, पाइप तडकला की दाब तिथल्या तिथे उतरतो. दाबलेली हवा सुटताना प्रसरण पावते आणि पीव्हीसीचे तुकडे काचेसारखे उडतात. पंपाजवळ तो गरम होऊन कमजोर होतो, उन्हाने ठिसूळ होतो. घरात पोरं फिरतात. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप वापरा, मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या, गनकडे जाणारी फांदी वरच्या अंगाने काढून खाली वळवा, टोकाला पाणी सोडायला बॉल व्हॉल्व्ह लावा.

तेरा_चौदाचा_पाना:
कितीतरी गॅरेजांत पीव्हीसी चालतोय. एवढं ओरडायचं कारण नाही.

रंधा_पटाशी:
कारण आहे. ‘चालतोय’ म्हणजे अजून फुटला नाही, एवढंच. फक्त घरासाठी जीआयचा खटाटोपही नको, आतली साल सुटून गनमध्ये येते. ८ मिमी आतल्या व्यासाची रबरी होज १० मीटर घ्या. निळा पीयू पाइप ८ मिमीचा म्हणून घेतात, त्यातले ८ बाहेरून असतात, आतून ५. गनशी दाब तिथेच मरतो. गेज गनच्या मुठीशी लावा आणि ट्रिगर दाबून वाचा.

तेरा_चौदाचा_पाना:
बरं, पीव्हीसीची ओळ धरू नका. पण तुमचं एफएडी डब्यावर छापलेलंच नसेल तर गिऱ्हाइकाने निवडायचं कसं?

रंधा_पटाशी:
दुकानात घड्याळ लावून. टाकी भरू द्या, हवा सोडा, ६ बारला पंप सुरू झाला की कॉक बंद करा आणि ८ पर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. ५० लिटर भागिले सेकंद, गुणिले ६०. पंचवीस सेकंद लागले तर मिनिटाला १२० लिटर, म्हणजे सव्वाचार सीएफएम. चाळीस लागले तर ७५ लिटर, त्यावर तुमची एलव्हीएलपीही सलग चालणार नाही.

सागवान_रत्नागिरी:
पंप बंद होताना प्रेशर स्विचपाशी एकदाच फुस्स व्हायला हवं, तेही तिथेच ऐका. आवाज आलाच नाही तर अनलोडर (पंपात अडकलेली हवा सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय, पुढच्या वेळी मोटर नुसती गुरगुरेल. फुसफुस थांबलीच नाही तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा) गळतोय, दुसरा नग मागा.