मदत हवी आहे: डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. कॅनडात फार्मसिस्टचा अर्ज कसा करू?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची. राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाची २००९ ची बी.फार्म. लग्नाआधी दवा बाजारात एका होलसेलरकडे होते, आता एका खासगी हॉस्पिटलच्या फार्मसीत काउंटरवर आहे. थोरले दीर कॅनडात मिसिसॉगाला असतात, आमचंही तिकडे जायचं घाटतंय.

अमेरिका आमच्यासाठी बंदच. १ जानेवारी २००३ पासून पुढे पास झालेल्यांना तिथल्या एफपीजीईसीसाठी (परदेशी फार्मसी पदवीधरांना लागणारं सर्टिफिकेट) पाच वर्षांचा फार्मसीचा कोर्स लागतो, आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. सहा वर्षांच्या फार्म.डी.वाल्यांचं जमतं. (पलासियाच्या एका कन्सल्टंटने तरी "मॅडम, हो जाएगा" म्हणत त्याचीच फी सांगितली!) इंग्लंडला आधी वर्षभराचा ओस्पॅप (परदेशी फार्मसिस्टसाठीचा कोर्स), मग ५२ आठवडे ट्रेनिंग, मग जीपीएचसीची, म्हणजे तिथल्या फार्मसी कौन्सिलची परीक्षा. कोर्सची फी ऐकूनच यजमान गप्प झाले.

राहिला कॅनडा. आधी नाप्राच्या (प्रांतांच्या फार्मसी नियामकांची संघटना) गेटवे या वेबसाइटवर नोंदणी, मग पीईबीसीकडे (फार्मसीची परीक्षा घेणारं बोर्ड) कागदपत्रांची तपासणी, इव्हॅल्युएटिंग परीक्षा, क्वालिफाइंगचे दोन भाग (एक लेखी, दुसरा ओएससीई म्हणजे प्रात्यक्षिक), आणि शेवटी ज्या प्रांतात राहायचं तिथलं ट्रेनिंग, कायद्याचा पेपर, लायसन्स. इथवर सगळं कळलंय.

गाडं अडलंय ते नावावर. मार्कशीट, डिग्री, भोपाळच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळीकडे माहेरचं नाव. सासरी नाव बदलायची पद्धत. ताम्हणातल्या तांदळात यजमानांनी अंगठीने नवं नाव लिहिलं तेव्हा मलाही हौसच होती. पुढे आधार आणि पासपोर्ट त्याच नावाने झाले. म्हणजे नुसतं आडनाव नाही, पहिलं, मधलं, शेवटचं, तिन्ही वेगळी! विवाह प्रमाणपत्रावर माझं माहेरचंच नाव, नवं त्यावर कुठेच नाही.

ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून आणि रजिस्ट्रेशनचं पत्र कौन्सिलकडून थेट टोरांटोला पीईबीसीकडे जाणार, तेही जुन्याच नावाने. मग गेटवेवर अर्ज कुठल्या नावाने भरू? पासपोर्टच्या नावाने भरून सोबत गॅझेट आणि ॲफिडेव्हिट जोडलं तर चालतं का? की पासपोर्टच माहेरच्या नावावर आणू? घरून आडकाठी नाही. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "कागदावर काय हवं ते ठेव, आम्ही हाक मारतो तीच मारू."

दुसरी धास्ती ओएससीईची. पेशंट म्हणून बसवलेल्या माणसाशी बोलायचं, ठरावीक मिनिटांत. आमच्याकडे गर्दीत कात्रीने पट्टी कापायची, एक्सपायरी छापलेली बाजू आपल्याकडे राहील अशी, पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या रेघा मारायच्या, "खाने के बाद" म्हणायचं आणि पुढचा. आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत एवढं विचारलं तरी मागचे ओरडतात. औषधं येतात हो, पण ती इंग्रजीत शांतपणे समजावायची सवय नाही. ज्यांनी ही परीक्षा दिलीय त्यांनी सराव कुणाबरोबर केला? इंदुरात किंवा ऑनलाइन एखादा अभ्यासगट असेल तर मला घ्या.

शिवाय, पहिली परीक्षा इथूनच उरकून जावं, की तिकडे आधी बिनलायसन्सचं फार्मसी असिस्टंटचं काम धरून मग बसावं?

आयईएलटीएसची तारीख घेतलेली नाही, तिथे पासपोर्टवरचंच नाव लागतं. तेव्हा नावाचं तेवढं आधी सांगा, बाकीचं सवडीने. "एजंट धरा" सोडून कुठलाही सल्ला चालेल.