केकवरचा मण्यांचा तुरा: तुमचे अनुभव लिहा

बहिणीच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला केक मीच केला आणि त्यावर लावायला तारेत मणी ओवून तुराही केला. नऊ काड्या, प्रत्येक काडीला पाच फाटे आणि फाट्याच्या टोकाला एकेक पैलूदार मणी. केक टेबलावर आणून वरचा दिवा लावला, तशी ती सगळी पंचेचाळीस टोकं एकदम लखलखली. बहीण बराच वेळ नुसती बघत उभी होती. त्याआधीच्या तीन संध्याकाळी तारा तुटण्यात गेल्या होत्या. त्या तीन संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या वाचाव्यात म्हणून हा धागा. ज्यांनी असं काही केलं असेल त्यांनी हात कुठे अडला, काय जमलं, ते बारकाव्यानिशी लिहा.

सुरुवात माझ्यापासून. काडी १२ सेंमीची हवी, तार दुमडायची, म्हणजे २५ सेंमी पुरे, असा माझा हिशोब होता. पण तार खरी खातात ते फाटे. तार मण्यापर्यंत जाते आणि तेवढीच परत येते, म्हणजे २ सेंमीच्या फाट्याला ४ सेंमी लागते. पाच फाट्यांचे झाले २० सेंमी. आता मी एका काडीला ५० सेंमी कापते. एक फाटा डावीकडच्या तारेतून काढला की पुढचा उजवीकडच्या, म्हणजे दोन्ही टोकं खाली बरोबरीने उतरतात.

दुसरं म्हणजे पीळ. मी तार पिळत होते. फिरवायचा असतो मणी! मणी चिमटीत धरायचा, दुसऱ्या हाताने तारेचे दोन्ही पदर फाकवून धरायचे आणि मणी सावकाश गोल फिरवायचा. दोन्ही पदर सारखे फाकलेले असले तर पीळ दोरीसारखा एकसारखा बसतो. एक पदर ताठ राहिला तर दुसरा नुसता त्याच्याभोवती गुंडाळला जातो आणि मणी डुगडुगतो. मण्याखाली पीळ घट्ट बसला की थांबायचं. 'अजून एक वेढा' म्हणून माझ्या किती काड्या गेल्या! तांब्याची तार पिळत जावी तशी कडक होत जाते आणि मग पटकन तुटते.

* * *

ताई, मण्याचं अगदी बरोबर लिहिलंत. माझी अडचण गेजची, म्हणजे तारेच्या जाडीच्या आकड्याची होती. आकडा मोठा म्हणजे तार जाड असं मी धरून चाललो होतो, आणि आहे नेमकं उलटं. २० गेजची तार ०.८ मिमी, २४ ची ०.५, तर २८ ची जेमतेम ०.३ मिमी. मी सगळा तुरा २८ ने केला. हातात सुंदर दिसत होता, केकवर उभा केला आणि पावसाने झोडपलेल्या रोपासारखा चारी बाजूंनी लवला. आता फाटे २४ ने करतो आणि प्रत्येक काडीला खाली २० गेजचा पाय जोडतो. मणीही बदलले. काच ॲक्रिलिकच्या साधारण दुप्पट जड असते, म्हणून उंच टोकांना ॲक्रिलिक आणि काच खाली, बुडाशी. दुरून फरक कळत नाही. जवळून मात्र कळतो, काचेची चमक वेगळीच असते, म्हणून ती अगदी सोडवत नाही.

* * *

मी तार थेट केकमध्ये खोचायचे. एकदा चंदेरी मुलाम्याचे मणी अगदी खालपर्यंत ओवले होते. केक रात्रभर फ्रिजमध्ये राहिला. सकाळी बघते तर मण्यांभोवतीच्या पांढऱ्या क्रीमवर करडी वर्तुळं, आणि कागद गुंडाळलेल्या लोखंडी तारेच्या कापलेल्या टोकाला गंज. तेवढा भाग कापून टाकला आणि उरलेला केक दिला, पण मनातून ते गेलं नाही. हस्तकलेची तार आणि मणी खाण्याच्या पदार्थासाठी बनवलेले नसतात. जुन्या क्रिस्टलच्या काचेत तर शिसंही असू शकतं. आता सगळ्या काड्यांचे पाय एकत्र बांधून बंद टोकाच्या प्लॅस्टिकच्या नळीत घालते, नळी केकमध्ये. नळी नसेल तर जाड स्ट्रॉ, खालचं तोंड वितळवलेल्या चॉकलेटने बंद करून, गोठल्यावर. मणी क्रीमच्या वर निदान बोटभर राहतील एवढा पाय मोकळा ठेवते. आणि तुरा फ्रिजमध्ये ठेवत नाही, केक बाहेर काढल्यावर लावते.

* * *

मुलांच्या केकसाठी करत असाल तर कृपया मणी मोजा. किती ओवले ते मी चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवते. केक कापण्याआधी तुरा पूर्ण काढायचा, मणी मोजायचे, मगच सुरी लावायची. एकदा एक मणी कमी भरला. सगळे ताटल्या घेऊन उभे होते, तरी मी थांबवलं. क्रीमच्या कडेलाच सापडला, ४ मिमीचा, साखरेच्या मोत्यासारखा दिसणारा. लहान मुलाने तो साखरेचा समजूनच तोंडात टाकला असता.

* * *

अक्षरं कुणी केली आहेत का? मी आकडे केले. कागदावर आकडा मोठा काढायचा, त्यावर २० ची तार ठेवून गोल नाकाच्या पक्कडीने वळवत जायचं, मग २८ च्या तारेत बारीक मणी ओवून ती वर गुंडाळायची. वळणावर मणी बाहेरच्या अंगाला सरकतात, तिथे वेढे जवळजवळ घ्या. तार कापताना सुटणारं टोक बोटाने दाबून धरा आणि चष्मा लावा. माझ्या गालाला एक तुकडा लागला होता, डोळा दोन बोटांवर होता.

* * *

लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला एकाच मण्याची काडी केली होती. दरवर्षी तिने निवडलेल्या मण्याची आणखी एक जोडतो. यंदा अकरा झाल्या. पाय दोनदा बदलले, फाटे मूळचेच आहेत. पहिला मणी थोडा पिवळा पडलाय. तो बदलू का विचारलं, तर तिने तुरा माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच डब्यात कापसावर ठेवला.