मदत हवी आहे: लॅमिनेट फ्लोअरवरचे पांढरट पट्टे

नमस्कार मंडळी, आम्ही खारघरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बेडरूमला लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट आहे. कामवाल्या मावशी ते लादीसारखंच बादलीभर पाण्याने पुसायच्या. पावसाळ्यात खिडकीजवळच्या दोन फळ्यांचे सांधे फुगले. आत दाबलेला भुसाच तो, पाणी शिरलं की संपलं. (घरमालकांना काय सांगायचं ते माझं मी बघेन!)

आता अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून मायक्रोफायबरच्या कापडावर फवारते आणि पुसते. तरी सकाळच्या उन्हात पांढरट पट्टे दिसतात, पायाला चिकट लागतं. आधीच्या फिनाइलचा थर असेल का? कशाने निघेल? खायचा सोडा घासायचा धीर होत नाही, चरे पडतील. महागडं क्लीनर नको, घरातलंच काहीतरी सुचवा.